ह्यांच्या नावाची पाकिटं

लेक : सात पाकिटं, आई! आणि सातही बंद! एक तरी उघडायचंस.

आई : ह्यांच्या नावाची होती ती. लग्न झाल्यावर एकदाच ह्यांचं पत्र उघडलं, तर चार दिवस अबोला. तेव्हापासून कानाला खडा.

लेक : बाबांना जाऊन तीन वर्षं झाली.

आई : मला सांगतेस? बँकेतले काय म्हणाले ते सांग. माझ्या डोक्यात शिरेल असं.

लेक : बाबांच्या परदेशी कंपनीने तिकडच्या शेअर बाजारातून नाव काढून घेतलं. मालकांनी सगळ्यांचे शेअर स्वतःच विकत घ्यायचे ठरवले. भावही चांगला दिला. तिथल्या लोकांचं काम त्यांच्या दलालांनी परस्पर केलं. आपल्यासारख्या परदेशातल्यांनी मात्र फॉर्मवर सही करून पाठवायची होती. तो फॉर्म ह्या तिसऱ्या पाकिटात आहे. मुदत मार्चमध्ये संपली.

आई : म्हणजे शेअर बुडाले?

लेक : बुडाले नाहीत, आहेत. पण विकायला बाजारच उरला नाही. आता कंपनीच्या विनवण्या करायच्या. घेतले तर घेतले, तेही ती म्हणेल त्या भावात. वर्ष लागेल, दोन लागतील.

आई : आणि घरमालक?

लेक : आपण जागा विकत घेऊ म्हणून तो महिनाअखेरपर्यंत थांबेल. मग ही जागा दुसऱ्याला विकणार.

आई : अठरा वर्षं त्यांच्या जहाजांची इंजिनं दुरुस्त केली ह्यांनी. बोनस रोख नको, शेअर द्या म्हणाले. मला म्हणायचे, म्हातारपणी तुला कुणी घराबाहेर काढणार नाही. आणि मीच माती केली गं.

लेक : रडू नकोस ना. पण शेवटची दोन तर रजिस्टर्ड होती. सही करून तूच घेतलीस. टपालवाल्याने काही विचारलं नाही?

आई : विचारलं ना. साहेब आहेत का, म्हणाला. नवीन होता, त्याला ठाऊक नव्हतं.

लेक : मग?

आई : म्हटलं, आहेत. आत झोपलेत.

लेक : आई!

आई : काय करू! जो तो येऊन ‘गेले, गेले’ म्हणायचा. ह्यांना विचारणारा तोच एक. पाकीट घेऊन ह्यांच्या टेबलावर ठेवलं की तेवढा दिवस बरा जायचा.

(लेक पाकिटं नुसतीच एकावर एक ठेवत राहते.)

लेक : मी रोज फोन करत होते. मला सांगायचंस.

आई : तू विचारायचीस, जेवलीस का. मी म्हणायचे, जेवले. तेवढ्यात तुझी बस यायची.

लेक : चुकलंच माझं. चल, कंपनीला अर्ज तरी करू. पहिलाच प्रश्न आहे, भागधारक हयात आहे का. ‘नाही’वर खूण कर आणि खाली सही.

आई : उद्या करू.

लेक : आई, ह्यालाही मुदत आहे.

आई : माहीत आहे गं. आजचा एक दिवस हे घरात असू देत.