तोंड न उघडण्याचा एक तास

...नाही, पण मला सांगा, एक तास गप्प बसणं म्हणजे असं काय मोठं काम होतं? तीस वर्षं वार्ताहर म्हणून काढली, भल्याभल्यांना भर सभेत आडवे प्रश्न विचारले, दोनदा तर मला खुर्चीसकट उचलून बाहेर ठेवलं, आणि मुलगी एवढंच म्हणाली होती, "बाबा, आज तोंड उघडायचं नाही."

शाळेच्या टेनिस संघात ती सगळ्यांत नवी. तुम्हाला सांगतो, या सामन्यांना पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे आपणच ओरडून सांगायचं. आमचं लेकरू चेंडू हातभर बाहेर पडला तरी म्हणणार, "असेल आत." उगाच कशाला कुणाला दुखवा! आई गेल्यापासून तिचा आवाजच... असो. सर्व्हिस तिनं सहा महिने गॅरेजच्या भिंतीवर चेंडू आपटून कमावली, भिंतीचा रंग गेला, पण 'आउट' हा एक शब्द तोंडातून निघेना. संघाच्या बाई तिला रिकाम्या कोर्टावर उभी करून रोज वीसदा म्हणायला लावायच्या, "मोठ्यानं, बाळा. फाटकापर्यंत ऐकू जाऊ दे."

तर त्या दिवशी निवडीचा सामना. जिंकली तर संघात कायम, आणि जिंकायला एकच गुण हवा. समोरचीचा फटका आला, रेषेबाहेर, चांगला वीतभर. हिनं बोट वर केलं, मान ताठ, छातीभर श्वास घेतला... मला दिसलं हो, सगळं दिसलं! आणि कुंपणाच्या जाळीमागून ओरडलं कोण? मी. "आउट!"

बाहेरून कुणी बोललं तर गुण समोरच्याला, असा तिथला नियम. झालं. मी नियमावली मागितली, बाईंशी हुज्जत घातली, आणि माझं भांडण संपेपर्यंत ही पुढचे सगळे गुण हरून बॅग भरत होती. गाडीत एवढंच म्हणाली, "बाबा, मी म्हणणारच होते." रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी घेतलं तिला संघात. सामन्याला मला नेत नाही. परवा शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या, "अहो, काय आवाज आहे तुमच्या लेकीचा! आउट म्हणाली, तर बाजूच्या कोर्टावरचा खेळ थांबला."

जन्मभर बातमी सगळ्यांच्या आधी आणणारा मी, आणि घरचीच बातमी अशी जिन्यात, दोन दिवस शिळी. जिंकली का, हेही विचारायचं होतं... नाही विचारलं. आता शिकलोय ना. तोंड उघडायचं नाही.