निवडून टाकलेले दाणे

(शाळेचं स्वयंपाकघर. वहिनीपुढे तांदळाची परात.)

नणंद : थांब, थांब! हे काय चाललंय, वहिनी?

वहिनी : दिसत नाही का? तांदूळ निवडतेय. शाळेतल्या पोरांनी काय खडे खायचे?

नणंद : पण हा खडा नाही. हा पिवळसर दाणा का काढलास?

वहिनी : प्लॅस्टिक आहे तो.

नणंद : काय?

वहिनी : प्लॅस्टिक, वन्सं! पाण्यात तरंगतो. तांदूळ कधी तरंगतो का? प्रत्येक पोत्यात असतात मेले. मी एक सोडत नाही. बाकीच्या शाळांतल्या बायकांनाही मीच शिकवलं. डोळे फुटायची वेळ आली, पण शाबास म्हणायला कुणी नाही.

नणंद : अगं बाई, तो दाणा आम्ही बनवतो! माझ्या प्रयोगशाळेत! तांदळाच्याच पिठात लोह कालवून पाडलेला. त्या पोत्यात कामाचा तेवढाच!

वहिनी : तुम्ही? तुम्ही तर कसलंसं संशोधन करता.

नणंद : हेच ते कसलंसं! वर्षभर डोकं फोडतोय आम्ही, मुलांच्या रक्तात फरक का पडत नाही म्हणून. यंत्रं तपासली, पोती तपासली, शेवटी आज मी स्वतः आले. सोमवारी बैठक आहे. उपयोग नाही म्हणून योजनाच गुंडाळतील. देशभर जाणार होता हा तांदूळ!

वहिनी : देशाचं मला नका सांगू. देश उभा राहील तेव्हा राहील, तुमची भाची प्रार्थनेला उभी राहिली तरी पुष्कळ. परवा ठमी पुन्हा चक्कर येऊन पडली.

नणंद : ठमी दुपारी जेवते कुठे?

वहिनी : इथेच की. माझ्या हातचं.

नणंद : ...आणि हे निवडलेले दाणे?

वहिनी : मागे खड्ड्यात पुरते. शेजारच्या कोंबड्या उकरून खातात. माजल्यात नुसत्या.

नणंद : मग प्लॅस्टिक खाऊन मेल्या का नाहीत?

वहिनी : कोंबड्यांचं काय घेऊन बसलात, त्या खिळेही पचवतील.

नणंद : पोत्यावर ठळक लिहिलंय गं!

वहिनी : डाळीच्या पोत्यावर 'उत्तम' लिहिलं होतं, आत किडे. माणूस येऊन सांगून गेला का कुणी? दिवाणखान्यात बसून तुम्ही किती वेळा चहा पिऊन गेलात. तुम्ही तरी?

नणंद : तू विचारलंस कधी?

वहिनी : तुम्ही स्वयंपाकघरात आलात कधी?

नणंद : बरं, चुकलं आमचं. आता तरी ते दाणे परत घाल. ठमीला तेच हवेत.

वहिनी : इतकं सोपं? बायकांना मीच सांगितलंय, विष आहे म्हणून. आता कुठल्या तोंडाने सांगू? तुम्ही खाल्लाय का कधी हा भात?

नणंद : चव बघायला आमच्याकडे वेगळी माणसं असतात.

वहिनी : वन्सं!

नणंद : खाते गं बाई. सगळ्यांसमोर ताटभर खाते. शिजव आधी.

वहिनी : तुम्ही खाऊन काय होणार? म्हणतील, नणंद तिची, ती तिचीच बाजू घेणार.

नणंद : मग कुणी खायचा?

वहिनी : पहिलं ताट ठमीला वाढते. सगळ्यांदेखत. तुम्ही तेवढं माझ्याजवळ थांबा.