चार पेपरांत तेच मासे

...नाही, मला एक सांगा, पोरीनं कॉपी केली म्हणायला काही पुरावा नको? जन्म गेला माझा वर्तमानपत्रात शिक्षणाच्या बातम्या देण्यात, निकाल, पेपरफुटी, कुलगुरूंची भाषणं, सगळं पचवलं, आणि संख्याशास्त्राच्या सरांनी मलाच फोन करावा, "जरा येऊन जाता का?" गेलो! स्टाफरूममध्ये आमची कन्या आणि तिच्या तीन मैत्रिणी ओळीनं बसलेल्या, माना खाली. सर म्हणाले, "चाचणीत चौघींचं उत्तर शब्दन् शब्द एकच. कॉपी ठरली तर वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही." आणि उत्तर काय? तर, 'ज्यांच्या घरी मासे पाळलेले असतात त्यांना जास्त गुण पडतात, म्हणून गुण वाढवायचे असतील तर मासे पाळावेत.' पाळावेत! आणि तुम्हाला सांगतो, मागच्याच महिन्यात हिनं मला काचेची टाकी घ्यायला लावली होती हो...

मी म्हटलं, सर, थांबा. बातमी कुठून आली, ते आधी बघू!

कन्येला विचारलं. "चिवूनं नोट्सचा फोटो पाठवला होता, बाबा." चिवू म्हणजे उगाचच हसणारी. तुला कुठून गं? "मौनीकडून, काका." मौनीनं नुसतं बोट दाखवलं... एक्स्प्रेसकडे! ही तास संपायच्या आत दाराबाहेर असते, म्हणून एक्स्प्रेस. आणि हे शिकवलं त्या तासाला चौघींपैकी हजर होती ती एकटी हीच! बाकीच्या कुठे होत्या? "कॅन्टीनमध्ये अभ्यासच करत होतो, बाबा." कसला? "हायलाइट करत होतो." अहो, बघितलंय मी ते पुस्तक! प्रस्तावनेपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत पिवळंधमक! छापखान्याच्या पत्त्यावर कधी प्रश्न आलाय?

मग एक्स्प्रेसला धरलं. "काका, माशांचं सरांनीच सांगितलं होतं! मी फक्त पाच मिनिटं लवकर निघाले." सरांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, त्या पाच मिनिटांतच म्हणालो ना मी, हा निष्कर्ष साफ चूक आहे म्हणून! ज्या घरात माशांची टाकी, त्या घरात अभ्यासाला वेगळी खोली असते, शिकवणी असते... गुण त्याचे, माशांचे नव्हेत!"

आता बोला! मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, सर, ही कॉपी नाही, हे परीक्षेच्या आधी, घरी बसून, मेहनतीनं कमावलेलं अज्ञान आहे! सर हसले. कॉपीचा शेरा खोडला, फेरपरीक्षा देतो म्हणाले. वर हळूच म्हणतात, "विषय बदलायचा असेल तर आज शेवटचा दिवस आहे, बरं का." इतक्या आशेनं म्हणाले हो!

मग म्हटलं, मुळात संख्याशास्त्र घेतलंत कशाला? बातमी कुठून आली? कन्या म्हणते, चिवूनं घेतलं. चिवू म्हणते, मौनी घेणार होती. मौनीनं पहिल्यांदाच तोंड उघडलं, "एक्स्प्रेस म्हणाली, यात गुण पडतात." आणि एक्स्प्रेस? "काका, तुमच्या मुलीनं घेतलं ना! वडील शिक्षणाचे बातमीदार, म्हटलं हिला आतलं माहीत असणार!" घ्या! जग फिरून बातमी माझ्याच दारात!

टाळकंच सरकलं माझं. चौघींचे फोन काढून घेतले, व्हरांड्यात लांब लांब उभ्या केल्या. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, आपापल्या डोक्यानं ठरवा! ठरवलं. चौघींचं उत्तर... संख्याशास्त्रच! का गं? कन्या रडवेली झाली. "मला चित्रकला हवी होती, बाबा. पण या तिघी इथंच राहणार, मग मी एकटी कशी जाऊ?" तिघींनी आ वासला. "अगं ए शहाणे, आम्ही तुझ्यासाठीच थांबलो ना!" तोवर कार्यालयाची विषय बदलायची खिडकी धाडकन बंद! वर्षभरासाठी!

आता सांगा, काय म्हणायचं या पिढीला? स्वतःचं म्हणून काही ठरवायला नकोच! मी तर तडक संपादकांकडे गेलो, म्हटलं, साहेब, पुरे हे शिक्षण, मला खेळाच्या पानावर टाका. ते म्हणाले, "टाकतो की, अर्ज द्या." देणार आहे ना... देणारच आहे! फक्त जरा बघतोय, बाकीचे बातमीदार काय मागतायत ते.