पुढं अँगल लावायचाय

न्हाई न्हाई, ते मला सांगू नका भाऊसो — आदी मी काय म्हणतोय ते ऐका. गाडी नवी हाय, कोरी हाय, मान्य. सूनबाईला न सांगता तुमच्याकडं आणलीय, ते बी मान्य — पर मी काय हवा भरायला आलोय व्हय? पुढं बंपरच्या आतनं आडवा लोखंडी अँगल टाकायचा, दोन्हीकडनं चेसीला वेल्डिंग मारायचं, आन् वर जाड पायपाचा गार्ड. झालं काम. काय? ह्येला चेसीच न्हाई? मग गाडी उभी कशावर हाय, नवसावर? बरं, पत्र्याचाच सांगाडा म्हणा. तर त्या सांगाड्याला मारा. अँगल मी संगं आणलाय, डिकीत बघा — तुमी ट्रॉलीला लावताय तसलाच. अख्ख्या पलूसचा ऊस तुमच्या ट्रॉल्यांवरनं कारखान्याला जातोय, आन् ह्या एवढ्याशा डबड्याला एक अँगल लावायचा तर तुमी मानेला हिसका दिताय. मला ते कळंना झालंय.

आधीच्या गाडीचं काय झालं तुमी बघितलंय की. तुमच्याच क्रेननं वढून आणली न्हवं? वसगड्याच्या अलीकडं, सकाळचं धुकं, रस्त्यातच उसाची ट्रॉली उभी — ना मागं लाल दिवा, ना चकाकणारी पट्टी, डायवर गेलेला चहाला. राजेश्वरी, म्हंजी आमची सूनबाई, सांगलीला बँकेत निघालेली, मागच्या शिटावर माझी नात सोनम, तिला शाळंत सोडायचं. ब्रेक मारला, तरी ट्रॉलीवर बसलीच. आन् गाडी? पापडावानी. बॉनेट दुमडून काचंपतूर आलं, चाकं आत, इंजन खाली. मी गेलो, बघितलं — आवं, माझा पोरगा वीरधवल तिकडं पठाणकोटला, बायकापोरं माझ्या जिवावर सोडून गेलाय, त्येला मी काय त्वांड दाखवणार हुतो? ह्या असल्या गाड्या इकतात लोकास्नी. बोट दाबलं तर पत्रा आत जातोय.

काय झालं त्यास्नी? काय न्हाई झालं. सोनमच्या हातात बिस्कीट हुतं, ते तसंच हातात. सूनबाईच्या खांद्याला पट्ट्याचा वळ, बस. दोघी दार उघडून आपल्या आपण खाली उतरल्या, कडंला उभ्या ऱ्हायल्या. ते देवानं राखलं — त्यात गाडीचं काय कवतिक? तुमी तेच धरून बसलाय. पुढचं दबलं म्हणून आतलं ऱ्हायलं, मार पुढच्या पत्र्यानं खाल्ला. सूनबाई बी तेच म्हणती. "आबा, गाडी गेली म्हणून आमी हाय." म्हंजी तुमी दोघांनी बसून मला शाणं करायचं ठरीवलंय. बरं, मग एक सांगा — मी त्या मोडक्या गाडीचं सगळं बघितलंय, वाकून वाकून. दाराच्या मधला खांब सरळच्या सरळ, टपाची कमान सरळ, पायाखालचा तळ सरळ. म्हंजी कंपनीला चांगलं लोखंड ठावं हाय. मग त्येच लोखंड पुढं घालाय काय धाड भरली हुती? मुद्दाम न्हाई घातलं म्हणताय. मुद्दाम. हे बरं हाय — घराला भिंती दगडाच्या आन् म्होरलं दार पुठ्ठ्याचं, वर म्हणायचं, मुद्दाम केलंय.

मी फौजेत आयुष्य काढलंय भाऊसो. कॉन्व्हॉयच्या गाड्या चालवल्यात. केरबा हवालदाराला लोखंड शिकवू नका. आन् फौजेचं कशाला, आमच्या घरची जीप घ्या की. वस्तीवर शेडात उभी हाय ती. आमच्या थोरल्या भावानं, आकारामदादानं हौसंनं घेतलेली. पुढं रुळाच्या पट्टीचा गार्ड, ट्रॉलीवाल्याकडनं करून घेतलेला — गावात म्हणायचे, आकारामच्या जीपपुढं रेडा बी उभा ऱ्हाणार न्हाई. आवं, ती जीप चिंचंवर गेली. शिराळ्याची नागपंचमी बघून दादा येत हुता, एकलाच, म्होरं म्हस आली, ती चुकवाय गेला आन् सरळ चिंचंच्या बुंध्यावर. आन् जीपला काय झालं? काय न्हाई. चिंचंची साल निघाली, गार्डचा रंग गेला. दिवे सुदीक फुटलं न्हाईत. मी सुट्टीवर हुतो, सांगावा आल्यावर पळत गेलो, दार एका हातानं उघडलं. एका सेल्फला चालू झाली. त्याच जीपनं आणला त्येला घरी. अजून खंडेनवमीला आमी तिला धुतो, झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो. आजूबाजूची पोरं येत्यात बघायला. एक पोचा न्हाई म्हणून दाखवतो मी त्यास्नी, गार्डवर थाप मारून दाखवतो. ह्येला म्हणत्यात गाडी.

कुणाला आणला म्हंजी? दादाला आणला.

मागच्या शिटावर झोपवून आणला. न्हाई — तिथंच गेलेला. मी दार उघडलं तवा नीट बसलेला हुता, हात मांडीवर, मला वाटलं चक्कर आलीय. रगत न्हाई, खरचटलेलं न्हाई. स्टेरिंग छातीला लागलं म्हणलं डाक्टर. आतनं सगळं गेलंय म्हणलं. नशीब त्येचं. म्हस आडवी आली, नशीब दुसरं काय. जीपचा काय दोष त्यात, जीपला तर —

असं काय बघताय माझ्याकडं? मला कळतंय तुमी काय इचारणार ते. मार मग गेला कुठं, हेच न्हवं? चिंचंनं घेतला न्हाई, जीपनं घेतला न्हाई. थांबा. मला बोलू द्या.

हरणावैनी दारात उभी हुती. दादाची बायकू. मी जीप अंगणात आणून उभी केली, चारजणांनी त्येला उतरवला, बायका रडाय लागल्या, आन् ही तेवढी रडली न्हाई. जीपच्या म्होरं गेली. गार्डवरनं हात फिरवला, ह्या टोकापासनं त्या टोकापतूर. मग माझ्याकडं बघून म्हणली, "गाडीला काय झालं न्हाई व्हय, भावजी?" एवढंच इचारलं तिनं. आन् मी काय सांगितलं ठावं हाय? मी म्हणलो, न्हाई वैनी, एक पोचा न्हाई. म्हणलं तेवढाच धीर वाटंल बाईला.

खंडेनवमीला ती माहेरी म्हसवडला जाती. दरसाल. आमी जीपला हार घालतो, आन् ती आदल्या दिशीच यष्टी धरती. मला वाटायचं सिद्धनाथाच्या दर्शनाला जात आसंल. कवा इचारलं न्हाई मी. न्हाई इचारलं.

ठेवा ते हत्यार खाली. न्हाई लावायचा अँगल. पाणी नको मला, बसायचं बी न्हाई. चावी द्या हिकडं, सोनमची शाळा सुटंल आता.