मंजूबेन आणि बॅनर

हसू नका, पण मागच्या महिन्यात माझी माझ्याच विषयात फजिती झाली. वर्गात मी घसा फोडून सांगत असतो, समाजशास्त्र सिद्धांतापासून नाही, माणसाच्या रोजच्या कामापासून सुरू करा. कुठला फॉर्म, कुठला नियम त्याला काय करायला लावतो, त्याचा माग काढा. याचं भारदस्त नाव संस्थात्मक एथ्नोग्राफी.

तर पोरांना घेऊन खंडेराव मार्केटला गेलो. भाजीवाल्या मंजूबेनसमोर उकिडवा बसलो आणि विचारलं, "बेन, तुम्हाला कुठला कागद काय करायला लावतो?"

तिनं मेथीवर पाणी शिंपडलं, माझ्या मागे डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "साहेब, बॅनर क्यां छे?"

"कसलं बॅनर?"

"कॉलेजवाळा आवे तो लावे ज ने! त्या बाजूला उभे राहा, फोटो सारो, एकदम छान आवे छे."

आता काय सांगू! कॉलेजच्या नावाचं बॅनर माझ्या पिशवीतच होतं. बॅनरसकट फोटो नसेल तर कॉलेजच्या अहवालाच्या फॉर्मात भेट धरतच नाहीत. मी गुपचूप बाहेर काढलं. एक टोक मंजूबेननंच सराईतपणे धरलं.

पुढच्या आठवड्यात हेतल नावाच्या विद्यार्थिनीनं निबंध दिला. शेवटची ओळ अशी: "मंजूबेनना कुठला कागद काय करायला लावतो, ते समजलं नाही. सरांना काय करायला लावतो, त्याचा फोटो सोबत जोडला आहे."