झेफेरीनो या वेळी खरंच पडला

...आणि हसले हो, सगळे हसले! माझा पाय घोट्यात कडकन मोडलाय, मी दगडी रस्त्यावर आडवा, वर मारियामाऊलीची पालखी कलंडायला आलेली, आणि अख्खं बंदर काय ओरडतंय, तर "पेनल्टी, पेनल्टी"! तुम्हाला सांगतो, लाजेनं मेल्याहून मेलो. तुम्ही तरी विश्वास ठेवा, मी खरंच पडलो होतो.

आता तुम्ही म्हणाल, झेफेरीनो, लोकांचं तरी काय चुकलं? नाहीच चुकलं. लिस्बनपासून ब्रागापर्यंत फुटबॉलच्या प्रत्येक मैदानावर मी दुसरं केलं काय? गोल? गोल इतरांनी केले, मी पडायचो. समोरच्याचा नुसता वारा लागला की कोलांट्या घेत, गुडघा छातीशी धरून असा विव्हळायचो की पंचालाच रडू यावं... आणि पेनल्टी मिळाली की टुणकन उभा! लोकांनी डोक्यावर घेतलं हो. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, अजून कॅफेत शिरलो की कोणीतरी खुर्चीवरून धाडकन पडून दाखवतं, तोच मला नमस्कार. मीही हसतो. कॉफी फुकट असते ना.

हसायची नाही ती एकटी आई. चर्चमधला रविवारचा मिस्सा सुटला की मासळीवाली कुस्तोदिया मुद्दाम विचारणार, "काय गं देओलिंदा, काल लेक कितीदा पडला?" आई घरी येऊन माझ्यावर डाफरणार, "तुझा बाप जन्मभर त्या पालखीच्या उजव्या कोपऱ्याखाली चालला, कधी अडखळला नाही. आणि तू मेल्या वाऱ्यानं पडतोस."

बाबा गेले, कोपरा रिकामा झाला. फादर आन्सेल्मोंच्या पाया पडून मी तो मागून घेतला. म्हटलं एकदाच, चर्चपासून धक्क्यापर्यंत, आईच्या देखत ताठ चालायचं. बास.

चाललो की! आईनं खिडकीत लग्नातली भरजरी चादर टांगलेली, माझ्याकडे बघून ती चक्क हसली, मी मान वर केली, आणि पायाखाली काय यावं? भाजलेल्या तारली माशाचं कातडं! जत्रेत खाऊन टाकलेलं कोणीतरी. बाकीच्यांनी माऊलीला सावरलं, मला कोण सावरणार? फादर मागे वळूनसुद्धा न बघता, "झेफे, ऊठ रे, बँड खोळंबलाय." कुस्तोदियानं पिवळा रुमाल काढून माझ्या नाकासमोर धरला, "नाटक केल्याबद्दल पिवळं कार्ड." आणि मी जेवढा कळवळतोय तेवढ्या टाळ्या! कारण खरं विव्हळणं आणि माझं मैदानावरचं विव्हळणं, काय सांगू, हुबेहूब सारखं निघालं हो. वर बघितलं तर आई चादर आत ओढून घेत होती. तुम्ही तरी विश्वास ठेवा...

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी माझ्याबरोबर फोटो काढला, मग पायाचा काढला. गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून मला घरी आणलं. शेजारपाजारचे बघून, हसून गेले, मग आईनं दार लावलं, खिडकी लावली, पडदा ओढला आणि जवळ येऊन हळूच म्हणाली, "आता कोणी बघत नाहीये. काढून ठेव ते प्लास्टर, सूप निवतंय."

"आई, अगं, खरंच मोडलाय."

"बरं, बरं," म्हणाली, आणि वाढायला गेली.

आणि सांगायला लाज वाटते हो... ती आत गेल्यावर मीसुद्धा जरा ओढून पाहिलं, निघतंय का.