हळदीकुंकवाचं हिरवं वाण

यंदाच्या संक्रांतीले मी असा हादरलो, बाप्पा, की हातातला चहा लुंगीवर सांडला. दिवाळीपासून आमची कॉलनी दर रविवारी मागच्या तलावातली जलपर्णी उपसून राहिली होती. तिचं एक रोप जरी पाण्यात राहिलं, तरी ते पाहता पाहता तलाव झाकून टाकते. सगळ्यांत पुढं शेजारच्या सुलभावहिनी, कमरेइतक्या चिखलात.

तर बायको त्यांच्याच हळदीकुंकवाहून आली. हातात मातीचं बोळकं, बोळक्यात पाणी अन् पाण्यात जलपर्णी!

"हे काय वं?"

"वाण. वहिनी म्हणे, यंदा प्लास्टिकचे डबे नको, झाडं वाटू. जांभळी फुलं येतात म्हणे."

मी तसाच अनवाणी वहिनींकडं पळालो.

"वहिनी, जे काढता काढता आपल्या कमरा मोडल्या, तेच काहून वाटलं?"

"भाऊजी, आपला तलाव त साफ झाला ना? इतकं हिरवंगार झाड कचऱ्यात टाकवलं नाही मले."

"मी आत्ताच घरोघरी जाऊन परत आणतो."

"दिलेलं वाण कोणी परत मागते का?" वहिनी माझ्यावरच तडकल्या. "अन् कॉलनीतल्या बायकांनी एकेकच नेलं. माझी कामठीची नणंद तेवढी टोपलंभर घेऊन गेली."

"टोपलंभर? ते ठेवणार कुठं त्या?"

"तिच्या घरामागंच नदी हाये ना! म्हणाली, आमच्याकडं जागाच जागा हाये."